फिरत्या चाकाची साक्ष : संप्रेरके आणि प्राण्यांची हालचाल

(शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्या तालुका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रयोगशाळेतील उंदीर किती धावतो आणि का धावतो, हे ऐकण्यासाठी आपल्यासारख्या कामाच्या माणसांनी वेळ खर्च करावा काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर त्यात वावगे काही नाही. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे. शास्त्रज्ञांनी शोधलेले ज्ञान सर्वसामान्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचविणे एवढाच माझा अधिकार. तथापि हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. एखादे जनावर चपळ का व दुसरे सुस्त का, तेच जनावर आज अस्वस्थपणे फिरते आणि उद्या शांतपणे रवंथ करीत का बसते, हे प्रश्न गोठ्यात, घरात आणि शाळेच्या वर्गातही रोज पडतात. त्यांचे उत्तर आपण बहुधा ‘स्वभाव’ या एका शब्दात देऊन मोकळे होतो. आणि समोर माणूस असेल तर ‘आळस’ हा शब्द वापरतो. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत शास्त्रज्ञांनी याच प्रश्नाचे उत्तर मोजमाप करून शोधले. ते उत्तर काय, ते कसे मिळाले आणि त्या मोजमापात कोणती मोठी उणीव राहून गेली, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

रक्तातून जाणारा निरोप

आपल्याकडील शेतकऱ्याला एक गोष्ट पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. गोऱ्हा वेळीच खच्ची केला की त्याची मस्ती ओसरते, तो जोखडाला खांदा देतो आणि वळूसारखा दावे तोडून धावत नाही. असे का होते, याचा उलगडा मात्र झालेला नव्हता. १८४९ मध्ये जर्मनीतील गटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी तरुण कोंबड्यांवर एक साधा प्रयोग केला. वृषण काढून टाकलेले कोंबडे मोठे झाल्यावर आरवत नसत, झुंजत नसत आणि कोंबड्यांच्या मागेही लागत नसत. काही कोंबड्यांच्या बाबतीत मात्र त्यांनी काढलेले वृषण पोटाच्या पोकळीत दुसऱ्याच जागी रोपले. हे कोंबडे इतरांप्रमाणेच आरवू आणि झुंजू लागले. रोपलेल्या वृषणाचा मूळ जागेच्या मज्जातंतूंशी काहीही संबंध उरलेला नव्हता. तेव्हा त्याचा प्रभाव सर्व शरीरात पोहोचविणारी वाट रक्ताचीच असली पाहिजे, हे उघड झाले.

पुढे १९०२ मध्ये लंडन येथे विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी आतड्यातून रक्तात मिसळणारा व स्वादुपिंडाला पाचक रस सोडावयास लावणारा एक पदार्थ शोधून काढला. अशा सर्व पदार्थांसाठी स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरला. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चेतविणे, चालना देणे असा आहे. मराठीत आपण ‘संप्रेरक’ म्हणतो. त्याचाही आशय तोच. शरीरातील विशिष्ट ग्रंथी हे पदार्थ अत्यल्प प्रमाणात थेट रक्तात सोडतात. रक्ताबरोबर ते सर्वत्र जातात. परंतु ज्या पेशींत त्यांना ओळखणारे ग्राहक रेणू असतात, तेथेच त्यांचा निरोप वाचला जातो. गावात दवंडी सर्वांच्या कानावर पडते, पण जिच्यात ज्याचे काम असेल तोच उठून चावडीवर जातो, तसाच हा प्रकार.

स्वतःहून फिरविलेले चाक

चालना देणारा पदार्थ आहे असे म्हटल्यावर ती चालना मोजावयाची कशी, हा पुढचा प्रश्न. येथे एक खुलासा केला पाहिजे. इंग्रजीत ‘रॅट’ व ‘माउस’ असे दोन निराळे प्राणी आहेत. आपण बोलताना दोहोंनाही उंदीर म्हणतो. या भाषणात मी मोठ्याला उंदीर व धाकट्याला लहान उंदीर म्हणणार आहे.

१८९८ मध्ये अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात कॉलिन स्टुअर्ट यांनी प्राण्यांना फिरत्या पिंजऱ्यात ठेवून मद्य, हवेचा दाब व आहार यांचा त्यांच्या रोजच्या हालचालींवर काय परिणाम होतो याची नोंद केली. याच साधनाचे सुधारलेले रूप म्हणजे आजचे फिरते चाक. पिंजऱ्याला जोडलेल्या या चाकात उंदराने शिरून धावावे, चाक त्याच्या पायांखाली फिरावे आणि फेऱ्या मोजणाऱ्या यंत्राने प्रत्येक फेरी टिपून ठेवावी, अशी ही व्यवस्था. चाकाचा घेर माहीत असल्यामुळे फेऱ्यांवरून अंतर काढता येते. प्रयोगशाळेतील लहान उंदीर एका रात्रीत पाच-सहा किलोमीटर सहज धावतो.

घाण्याचा बैल हाकल्याशिवाय फिरत नाही. हा उंदीर मात्र कोणी न हाकता फिरतो. त्याला बक्षीस नाही की शिक्षा नाही. म्हणूनच त्याच्या फेऱ्यांची संख्या ही त्याच्या आतील चालनेचे माप मानण्यात आली. हे बंदिवासातील वेड तर नव्हे, अशी शंका पुष्कळ वर्षे घेतली जात असे. नेदरलंड्समधील लायडेन येथील योहाना मायर व युरी रॉबर्स यांनी मोकळ्या जागेत, वन्य प्राणी येतील-जातील अशा ठिकाणी चाके ठेवून त्यांचे चित्रीकरण केले. २०१४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार रानातील लहान उंदीर आपण होऊन चाकात शिरले, धावले, बाहेर पडले आणि पुन्हा परत आले. तेव्हा चाकाची साक्ष ग्राह्य धरावयास हरकत नाही.

दर चौथ्या-पाचव्या दिवशी

आता या विषयातील मुख्य शोधाकडे वळू. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कर्ट रिक्टर (१८९४ ते १९८८) हे उंदरांच्या हालचालींचा अभ्यास करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेत वांग जिंगशी नावाचे एक चिनी विद्यार्थी आले. पेकिंग विद्यापीठात असताना ते नव्या चिनी साहित्याच्या चळवळीत सामील होते व कथा लिहीत असत. पुढे आपल्या देशात शरीरक्रियात्मक मानसशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना झाली.

माद्यांच्या चाकांच्या रोजच्या फेऱ्या मांडून पाहताना एक विलक्षण नियमितपणा वांग यांच्या नजरेस आला. मादी तीन-चार दिवस बेताने धावे, मग एका रात्री तिचे धावणे एकाएकी वाढे आणि पुन्हा खाली येई. हा चढ दर चौथ्या किंवा पाचव्या दिवशी यावयाचा. नेमके याच सुमारास, १९२२ मध्ये, कॅलिफोर्नियातील लाँग व इव्हान्स यांनी उंदराच्या मादीचे ऋतुचक्र चार ते पाच दिवसांचे असते हे दाखवून दिले होते. योनिमार्गातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून चक्राची अवस्था ओळखण्याची रीतही उपलब्ध झाली होती. वांग यांनी दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या. धावण्याचा उच्चांक माजाच्या वेळीच येत होता. १९२३ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

योगायोगाची शंका राहू नये म्हणून बाकीच्या बाजूही तपासल्या गेल्या. वयात न आलेल्या माद्यांत हा चढउतार दिसत नव्हता. गाभण काळात व पिलांना पाजण्याच्या काळात तो थांबे. अंडाशये काढून टाकली की चढउतार तर नाहीसा होईच, शिवाय एकूण धावणेही फार कमी होई. त्याच वर्षी, १९२३ मध्ये, एडगर ॲलन व एडवर्ड डॉयझी यांनी अंडाशयातील स्रावाचा अर्क वेगळा काढला; १९२९ मध्ये शुद्ध स्फटिकरूपात हाती आलेला इस्ट्रोन हा इस्ट्रोजेन वर्गातील पदार्थ. इस्ट्रोजेन टोचले की अंडाशये काढलेल्या मादीचे धावणे वाढते, आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक त्या वाढीला आवर घालते, हे पुढील प्रयोगांनी स्पष्ट झाले. गाभण मादी कमी का धावते, याचा काही अंशी उलगडा यातून होतो.

नराच्या चालनेचे कोडे

नराचे काय, असे आपण विचाराल. वृषण काढलेला नर उंदीर पूर्वीच्या मानाने फारच थोडे धावतो, हे १९२५ च्या सुमारास सिद्ध झाले होते. म्हणजे आपल्या शेतकऱ्याचे निरीक्षण मोजमापाच्या कसोटीस उतरले. वृषणातील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक टोचले की धावणे पुन्हा वाढते. तेव्हा मादीला इस्ट्रोजेन आणि नराला टेस्टोस्टेरॉन चालना देते, अशी सरळ वाटणी करून विषय संपविता आला असता.

परंतु निसर्गाची व्यवस्था इतकी सरळ नाही. १९२५ मध्येच वांग, रिक्टर व गुटमाकर यांनी वृषण काढलेल्या नरांच्या शरीरात मादीचे अंडाशय रोपले आणि त्या नरांचे मंदावलेले धावणे वाढले. मादीच्या ग्रंथीने नराला धावावयास लावावे, हे कोडेच होते. ते उलगडावयास अर्धशतक लागले. शरीरात ‘अरोमाटेज’ नावाचे एक विकर म्हणजे एन्झाइम असते. ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेनात करते. १९७५ मध्ये रॉय व वेड या संशोधकांनी वृषण काढलेल्या नर उंदरांना निरनिराळी संप्रेरके देऊन पाहिली. इस्ट्राडायॉलने त्यांचे धावणे वाढले. ज्या पुरुषी संप्रेरकाचे असे रूपांतर होऊ शकत नाही, त्याचा मात्र तसा उपयोग झाला नाही. म्हणजे नराच्या धावण्यामागेही बऱ्याच अंशी त्याच्या स्वतःच्या शरीरात तयार झालेले इस्ट्रोजेनच असते. ज्याला आपण केवळ स्त्रीचे संप्रेरक समजतो, त्याच्यावाचून नराचेही चाक नीट फिरत नाही. पुरुषार्थाच्या आपल्या कल्पनांना या निष्कर्षाने थोडा धक्का बसला तरी हरकत नाही.

इस्ट्रोजेनचा निरोप वाचणारे ग्राहक रेणू दोन मुख्य प्रकारचे आहेत. २००३ मध्ये सोनोको ओगावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी, यांपैकी एकेक रेणू जन्मतःच नसलेल्या लहान उंदरांचा अभ्यास केला. ‘अल्फा’ प्रकारचा रेणू नसेल तर इस्ट्रोजेन देऊनही धावणे वाढत नाही, असे त्यांना आढळले.

मेंदूतील एक लहानशी जागा

हा निरोप नेमका कोठे वाचला जातो? स्नायूंत, असे वाटणे साहजिक आहे. प्रयोगांचे बोट मात्र मेंदूकडे वळते. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) नावाचा एक लहान भाग आहे. भूक, तहान, तापमान व प्रजनन यांवर त्याचे नियंत्रण असते. या परिसरात इस्ट्राडायॉलचा अत्यल्प अंश थेट ठेवला तरी मादीचे धावणे वाढते, हे १९८० च्या दशकापर्यंत दाखविले गेले होते.

२०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील हॉली इंग्रॅहम यांच्या प्रयोगशाळेने याहून सूक्ष्म तपशील प्रसिद्ध केला. अधश्चेतकातील काही ठरावीक मज्जापेशींत इस्ट्रोजेनमुळे एक विशिष्ट जनुक अधिक जोमाने काम करू लागते. या पेशींचे धागे मेंदूतील जागृतीच्या केंद्रांपर्यंत पोहोचतात, आणि मादी हिंडू-फिरू लागते. इस्ट्रोजेन संपलेल्या माद्या बैठ्या व लठ्ठ होतात. परंतु कृत्रिम उपायाने याच पेशींना चेतविले असता त्यांचे बैठेपण व लठ्ठपणा दोन्ही कमी झाले. हा प्रयोग लहान उंदरांवरील आहे. तथापि ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या वजनात, हाडांत व उत्साहात जे बदल होतात, त्यांच्या अभ्यासाला त्याने एक नवी दिशा दिली आहे.

या सर्वांमागे निसर्गाचा हेतू कोणता? मादीचा गर्भधारणेचा काळ काही तासांचा असतो. त्या रात्री ती बिळात बसून राहिली तर नराची गाठ पडणार कशी? म्हणून प्रजननाची तयारी करणारे संप्रेरकच तिला पायही देते. एरवी शक्ती वाचविणे हिताचे आणि त्या रात्री ती खर्च करणे हिताचे. कोणत्या रात्री काय करावयाचे, याचा निरोप संप्रेरक घेऊन येते.

एकाच अधिकाऱ्याचे राज्य नव्हे

इस्ट्रोजेन हेच एकमेव सूत्रधार आहे, असा समज मात्र होऊ देऊ नये. गळ्यातील अवटू ग्रंथी, जिला आपण थायरॉइड म्हणून ओळखतो, ती काढून टाकली तर उंदराचे धावणे मंदावते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकांचाही संबंध आहे. अमेरिकेतील थिओडोर गारलंड यांनी १९९३ पासून लहान उंदरांच्या अनेक पिढ्यांत सर्वाधिक धावणाऱ्यांची निवड करून पैदास केली. त्यांचे वंशज साध्या उंदरांच्या सुमारे अडीच ते तीन पट धावतात, आणि त्यांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन या अधिवृक्क संप्रेरकाचे प्रमाण अधिक आढळते.

लेप्टिनची हकिकत सर्वांत उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ मध्ये असाधारण लठ्ठ लहान उंदरांचा एक वंश आढळला. ते सतत खात व फारसे हलत नसत. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्यामागील जनुक शोधले. शरीरातील चरबी लेप्टिन नावाचे संप्रेरक सोडते आणि साठा पुरेसा आहे असे मेंदूला कळविते. या उंदरांना ते तयारच करता येत नव्हते. १९९५ मध्ये त्यांना लेप्टिन टोचल्यावर त्यांचे खाणे व वजन घटले आणि हालचाल वाढली. ज्यांच्याकडे पाहून कोणीही ‘आळशी व खादाड’ म्हणाले असते, त्या प्राण्यांत उणीव एका रेणूची होती.

पण याच्या उलट बाजूही पाहावी. उंदराला अपुरे अन्न दिले व चाक मोकळे ठेवले तर तो शांत बसत नाही, अधिकच धावतो. काही वेळा धावता धावता मरणाच्या दारी पोहोचतो. उपाशी शरीरात लेप्टिन घटलेले असते, आणि ते बाहेरून दिले की हे अनावर धावणे कमी होते. म्हणजे तेच संप्रेरक लठ्ठ प्राण्याला उठविते आणि उपाशी प्राण्याला बसविते. संप्रेरकाचा निरोप शरीराची स्थिती पाहून अर्थ धारण करतो. म्हणून ‘अमुक संप्रेरक म्हणजे शक्ती’ असे समीकरण मांडणे अशास्त्रीय होय.

चाकावरून गोठ्याकडे

आता पंचायत सदस्यांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. गाय माजावर आली की ती हंबरते, दाव्याशी ओढ घेते, कळपात एकसारखी फिरते. उंदराच्या चाकात दिसली तीच ही चालना. फिलाडेल्फिया येथील विस्टार संस्था ही पांढऱ्या प्रयोगशाळीय उंदरांची पैदास करणारी त्या काळची नामवंत संस्था. तेथील एडमंड फॅरिस यांनी १९५४ मध्ये माजाच्या काळातील दुभत्या गाईंच्या हालचालींवर निबंध प्रसिद्ध केला. १९७७ मध्ये किडी यांनी गाईंच्या पायांना पावले मोजणारे छोटे यंत्र बांधून दाखवून दिले की माजावरील गाय एरवीपेक्षा दुप्पट ते चौपट हालचाल करते. आज मोठ्या दुग्धशाळांत पायातील किंवा गळ्यातील पट्ट्यातील यंत्रे हेच काम करतात.

याचे मोल शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर असे: गाईचे ऋतुचक्र सुमारे २१ दिवसांचे आणि माज काही तासांचा. तो रात्री येऊन गेला व कोणाच्या ध्यानात आला नाही, तर कृत्रिम रेतनाची संधी तीन आठवडे लांबते आणि तेवढे दिवस चारा-वैरण फुकट जाते. ज्याच्यापाशी यंत्र नाही त्याने आपले डोळे वापरावेत. पहाटे व रात्री उशिरा गोठ्यात एक फेरी मारावी, गाय नेहमीपेक्षा अधिक फिरते काय ते पाहावे आणि तारीख लिहून ठेवावी. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी व संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा पशुवैद्यकांचा प्रचलित सल्ला आहे. म्हशीत माज पुष्कळदा मुका असतो. तेथे अशी नोंद अधिकच उपयोगी पडते.

अर्धीच मोजणी

यानंतर मी त्या उणिवेकडे येतो, जिचा उल्लेख आरंभी केला. वांग यांनी मादीच्या चक्राचा शोध लावला. या शोधातून मादीचा अधिक अभ्यास व्हावयास हवा होता. घडले ते विपरीत. मादीच्या शरीरात दर चार दिवसांनी चढउतार होतात, त्यामुळे आकडे अस्थिर होतात, नर मात्र स्थिर असतो, असे मानून असंख्य प्रयोगांतून माद्या वगळण्यात आल्या. ॲनलीझ बीअरी व आयर्व्हिंग झुकर यांनी २००९ मधील संशोधन-निबंधांची पाहणी केली व २०११ मध्ये ती प्रसिद्ध केली. मज्जाविज्ञानात केवळ नरांवर केलेले प्रयोग केवळ माद्यांवरील प्रयोगांच्या साडेपाच पट होते.

मादी अधिक अस्थिर असते, हे कोणी मोजले होते काय? २०१४ मध्ये प्रेंडरगास्ट, ओनिशी व झुकर यांनी लहान उंदरांवरील २९३ निबंधांतील आकडेवारी एकत्र करून तपासली. चक्राची अवस्था न पाहता घेतलेल्या मोजमापांतही माद्यांतील फरक नरांपेक्षा जास्त नव्हता; काही गुणांत तर नरांतीलच फरक अधिक होता. ज्या कारणासाठी अनेक दशके मादीला दाराबाहेर ठेवले, ते कारण तपासाअंती टिकले नाही. धावण्यासारख्या ज्या बाबतीत चक्राचा प्रभाव खरोखरच मोठा आहे, तेथे तर मादीला वगळणे म्हणजे अभ्यासाचा विषयच वगळणे होय.

ही केवळ विद्वानांची वादावादी नाही. प्राण्यांवरील प्रयोग ही औषधाच्या वाटेवरील पहिली पायरी असते. पहिल्या पायरीवर अर्धी प्रजा गैरहजर असेल, तर पुढे स्त्री-पुरुषांतील फरक उशिरा लक्षात येण्याचा धोका राहतो. झोल्पिडेम या झोपेच्या औषधास अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली. ते स्त्रियांच्या रक्तात अधिक वेळ राहते व दुसऱ्या दिवशी सकाळी वाहन चालविताना धोका संभवतो, म्हणून स्त्रियांसाठीची मात्रा निम्मी करण्याची सूचना तेथील औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिली. मधल्या सुमारे २० वर्षांत ते औषध घेणाऱ्या स्त्रियांचा विचार आपण करावा. २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नर व मादी या दोहोंचा विचार संशोधनात करण्याचे धोरण जाहीर केले व २०१६ पासून अनुदानाच्या अर्जांत त्याची अपेक्षा ठेवली. ज्यांना आकडेवारीची कामे करावी लागतात, अशा आम्हा कर्मचाऱ्यांनीही यातून बोध घेण्यासारखा आहे. सोयीचे तेवढेच मोजले तर तक्ता नीटनेटका दिसतो, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्ध्याच लोकांचा असतो.

माणसाकडे वळताना

उंदरावरून माणसाकडे येताना जपून पाऊल टाकले पाहिजे. स्त्रियांच्या मासिक चक्रात उंदरासारखा ठळक चढउतार हालचालीत येतो, असे सिद्ध झालेले नाही. माणसाचे चालणे-फिरणे कामाच्या वेळा, घरची जबाबदारी, अन्न, रस्ते, मैदाने आणि सुरक्षितता यांवरही अवलंबून असते. ज्या गावात मुलींना खेळावयास जागाच नाही, तेथे त्यांच्या बैठेपणाचे खापर संप्रेरकांवर फोडणे हा अन्याय होईल.

दुसरा सावधगिरीचा इशारा तरुणांसाठी. १८८९ मध्ये शार्ल ब्राऊन-सेकार या नामांकित शास्त्रज्ञाने वयाच्या ७२ व्या वर्षी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला व गेलेली शक्ती परत आल्याचे जाहीर केले. जगभर त्याचा गाजावाजा झाला. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्यांच्याच कृतीने अर्क तयार करून तपासला; त्यात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण परिणाम होण्याइतके नव्हतेच. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही मनाच्या अपेक्षेने चकविले. आज तालमीतील व व्यायामशाळेतील मुलांना शक्तीच्या नावाखाली जी इंजेक्शने व गोळ्या दिल्या जातात, त्यांत मात्र संप्रेरके खरोखरच असू शकतात, आणि त्यांपासून हृदय, यकृत व प्रजननक्षमता यांना इजा पोहोचते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून त्यांना हात लावू नये.

शिक्षक मित्रांना आणखी एक गोष्ट सांगतो. वर्गातील एखादे मूल एकाएकी मंदावले, त्याची उंची वाढेनाशी झाली, ते सतत पेंगू लागले, तर ‘आळशी’ हा शेरा लिहिण्यापूर्वी पालकांना बोलावून त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. रक्तक्षयामुळे असे होऊ शकते. अवटू ग्रंथीचा स्राव कमी पडल्यानेही होऊ शकते. हा दुसरा विकार स्त्रियांत पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. थकवा, वाढते वजन, थंडी सहन न होणे ही त्याची काही लक्षणे. रक्ताच्या साध्या तपासणीने तो ओळखता येतो व गोळ्यांनी आटोक्यात राहतो. घरातील सून अलीकडे कामात मंद झाली म्हणून तिला बोल लावले जातात. तिची तपासणी करावी, हे मात्र कोणाला सुचत नाही. आयोडीनयुक्त मिठाचा वापर हा या ग्रंथीच्या रक्षणाचा सोपा व स्वस्त उपाय आहे, हेही ग्रामसभेत सांगण्यासारखे आहे.

हे प्रयोग प्रशिक्षित माणसांनी, मान्यता घेऊन व प्राण्यांना कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने करावयाचे असतात. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय अधिनियमात प्रयोगांसंबंधी स्वतंत्र प्रकरण आहे. शाळेत उंदराचा पिंजरा ठेवण्याची गरज नाही. विद्यार्थ्यांना गावातील गोठ्यांच्या नोंदी महिनाभर ठेवावयास सांगितले, तरी वांग यांनी केले तेच काम त्यांच्या हातून होईल: रोज मोजणे, तारीख लिहिणे आणि दोन नोंदी शेजारी ठेवून पाहणे.

 कोणाचीही सुस्ती किंवा चपळाई पाहून मत बनविण्यापूर्वी तिचे कारण शोधावे, आणि शोधताना कोणाला वगळू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.